तिखटमिठाची बिस्किटं

आमच्या साडूभाऊंइतका गोड बिस्किटाचा द्वेष करणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. माणसं शेजाऱ्याचा द्वेष करतात, साहेबाचा करतात, काहीजण साडूचाही करतात. पण चहाच्या बशीत निमूट पडलेल्या एका निरुपद्रवी बिस्किटाकडे, ते आपल्या जागेवर अतिक्रमण करून बसलंय अशा नजरेने बघणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. "चहा गोड, वर बिस्किटही गोड," ते म्हणायचे. "मग जिभेने करायचं काय? नुसती हजेरी लावायची?"

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, यजमान. साडू हे नातं मोठं गमतीचं असतं. सासुरवाडीला जेवायला बसलं की शेजारच्या पानावर जो बसतो तो साडू. त्याच्या वाटीत किती श्रीखंड पडलं हे आपण तिरप्या डोळ्यांनी बघतो आणि आपल्या वाटीत किती पडलं हे तो. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे जेवायला बसलो, तेव्हा या गृहस्थांनी काही न बोलता आपली श्रीखंडाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि माझ्या पानातली मिरचीची भजी एकेक करून उचलून नेली. सासूबाई वाढायला परत आल्या, तोवर आमचा व्यवहार पूर्ण झाला होता. आमची दोस्ती त्या दिवसापासूनची.

त्यांची सगळी नोकरी न्हावा शेव्याच्या बंदरात गेली. तिथे माल हलवणाऱ्या एका कंपनीत कंटेनरची सीलं तपासणं हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं बंद दारं बघून त्यांची अशी खात्रीच झाली होती की, जगातली कुठलीही वस्तू आतून वेगळी आणि बाहेरून वेगळी असते. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघत. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडण्याआधी ते कोणी उघडलं होतं का, याची बारीक चौकशी करत. शिवाय प्रत्येक वस्तूवर टिचकी मारून आवाज ऐकायची सवय. नारळावर, कलिंगडावर ठीक आहे. पण त्यांनी माझ्या नव्या गाडीच्या दारावर, लग्नाच्या हॉलमधल्या खांबावर आणि एकदा मला खोकला झाला असताना माझ्या छातीवरही टकटक करून पाहिलं होतं. "आत माल भरलाय," असं निदान करून त्यांनी मला आल्याचा काढा पाजला. खोकला गेला, पण तो काढ्याच्या भीतीने गेला असावा.

निवृत्त झाल्यावर ते दिघीच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या आपल्या गावी येऊन राहिले. नारळ-सुपारीची वाडी होती. निम्मी यांची, निम्मी थोरल्या भावाची. आता हा माणूस झाडांना पाणी लावेल, संध्याकाळी पुळणीच्या वाळूवर फिरेल, पेपर वाचेल अशी सगळ्यांची समजूत होती. पण तिथे गेल्यावर घरोघर चहाची आमंत्रणं सुरू झाली आणि प्रत्येक घरात बशीत तेच गोड बिस्किट. साडूभाऊंनी पावसाळाभर सोसलं आणि एके दिवशी म्हसळ्याहून विजेची भट्टी आणून ओट्यावर ठेवली. "चहाबरोबर खाण्यासारखं, तिखटमिठाचं, मसाल्याचं, माणसाचं बिस्किट मी स्वतः करणार," त्यांनी जाहीर केलं. आमच्या ताईंनी विचारलं, "आजवर तुम्ही चहा तरी केलाय का?" त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच. माझा हात अजून बिघडलेला नाही."

मग त्या घरात जे सुरू झालं, त्याला प्रयोग म्हणावं की उपद्रव, हे ठरवणं अवघड आहे. जिऱ्याची झाली, मिरीची झाली, लसूण-खोबऱ्याची झाली, आमसूल घातलेली झाली. ती आतून जांभळी निघाली आणि त्यांना मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत. एकदा सुका जवळा भाजून, कुटून पिठात घातला. भट्टी तापली तशी गावातली एकूण एक मांजरं कुंपणावर येऊन बसली आणि ताईंना दोन दिवस मागच्या दाराने बाहेर पडता आलं नाही. तिरफळाची केली ती भजनी मंडळाच्या दिवशी. तिरफळ माशाच्या कालवणात दोन दाणे घालतात, यांनी मूठभर घातली. मंडळींनी चहाबरोबर ती खाल्ली आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या जिभा बधिर झाल्या. पेटीवाले पेटी वाजवत राहिले, पखवाजवाले पखवाज वाजवत राहिले, पण गाणाऱ्यांच्या तोंडून शब्द म्हणून फुटेना. साडूभाऊ पुढच्या रांगेत डोळे मिटून डोलत होते. नंतर म्हणाले, "आज अगदी आतून भजन झालं."

त्यात विजेचा खेळ. आमच्या त्या किनाऱ्यावर जरा वारा सुटला की वीज जाते, आणि ती हटकून बिस्किटं अर्धी भाजली गेली की जायची. साडूभाऊ ताबडतोब वीज कचेरीत फोन लावत. "माझा माल आत अडकलाय!" पलीकडचा माणूस बिचारा घाबरून विचारायचा, "कोण अडकलंय? लिफ्टमध्ये का?" पुढे पुढे त्या कचेरीत यांचा आवाज ओळखू यायला लागला. वीज आली की ते उलट यांनाच फोन करून विचारत, "निघाला का माल?"

एवढं करून बिस्किटं जमत होती का? नव्हती. रंगाने सुरेख दिसायची, वास तर असा की गल्लीच्या टोकाला भूक लागावी. पण दातात धरलं की एक तर ते तुटायचं नाही, आणि तुटलंच तर ओव्याचा असा काही भपकारा यायचा की पोट दुखत नसताना औषध घेतल्यासारखं वाटायचं. कुठलाही मसाला घालोत, ओवा ते घालायचेच, आणि सढळ हाताने. पण हे त्यांना सांगणार कोण? एकेक बिस्किट हातात देऊन ते समोर बसत आणि तोंडाकडे टक लावून म्हणत, "बोला. अगदी खरं सांगा." त्या नजरेपुढे भल्याभल्यांनी माघार घेतलेली मी पाहिली आहे. कोणी म्हणे, "वेगळीच चव आहे." कोणी म्हणे, "पौष्टिक असणार." सरपंचांनी एकदा बराच वेळ चावून झाल्यावर म्हटलं, "टिकतील हो चांगली." मी स्वतः "वा!" एवढंच म्हणून चटकन चहा तोंडाला लावायची कला साधली होती. दारावर मासे घेऊन येणारी कोळीण तेवढी बोलली, पण तीही मागच्या दाराशी, ताईंच्या कानात: "वैनी, कुत्र्याला दोन टाकली व्हती. खात तर न्हायच, वर माज्याकडं असा बगतो हाय, जसा काय मी त्याचा घात केलाय!"

असं सगळं सुखाने चाललेलं असताना मानसीचं प्रकरण उपस्थित झालं. मानसी ही त्यांची एकुलती मुलगी. खाडीपलीकडे मुरुडला कॉलेजात शिकवते, रोज फेरीबोटीने दिघीहून आगरदांड्याला जाऊन येऊन करायची. त्या बोटीवर तिला निखिल भेटला. तो आगरदांड्याचा, गुरांचा डॉक्टर. दिघीच्या बाजूच्या गावांत दवाखान्यात नेमणूक, म्हणून त्याची फेरी उलट दिशेने. एक जण उतरताना दुसरा चढायचा. एवढ्याशा धक्क्यावर ओळख होऊन ती लग्नापर्यंत कशी गेली हे मला अजून उलगडलेलं नाही, पण गेली खरी. मुलगा शांत, कामाचा, देखणा. घर बौद्ध. मानसीने एका रात्री जेवताना आईवडिलांना सरळ सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मला पळून वगैरे जायचं नाही. तुम्ही दोघं तिथे उभे असाल तरच मी लग्न करीन. पण करीन त्याच्याशीच."

वाडीच्या पलीकडच्या अर्ध्या भागातून थोरल्या भावाचा निकाल दुसऱ्याच दिवशी आला. त्यांनी ओटीवर उभं राहूनच सांगितलं, "हे झालं तर माझं पाऊल तुझ्या घरात पडणार नाही." ताई घाबरून गेल्या. आणि साडूभाऊ? त्यांनी पीठ मळायला घेतलं. सकाळी एक घाणा, दुपारी एक. मानसीशी बोलत होते, पण इकडचं तिकडचं. ताईंनी माझ्या बायकोला फोन करून रडत रडत सांगितलं, "हा माणूस हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नुसता मळतोय गं! घरात डबे उरले नाहीत आता."

आम्ही पनवेलहून गाठोडं बांधून निघालो. पोचलो तर खरंच घरभर डबे. मानसी सुकून गेली होती. साडूभाऊंनी मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. एक डबा काखेत मारला आणि म्हणाले, "चला धाकटे, खाडीपलीकडे जाऊन येऊ." मी म्हटलं, "कुठे?" "त्या मुलाच्या घरी." "त्यांना कळवलंय का?" "कळवून गेलं की माणसं आवरून ठेवतात. मला आतलं बघायचंय."

बोटीवर ते कठड्याला टेकून उभे होते. दोनचार मोटारी, एक टेम्पो, शाळेची मुलं असा सगळा गोंगाट चाललेला. बऱ्याच वेळाने, पाण्याकडे बघत ते म्हणाले, "मला जातपात कळत नाही असं मी तुम्हाला सांगू शकतो. पण ते खोटं होईल. मुलात खोट काढायला गेलो, सापडली नाही. मग माझ्या लक्षात आलं, मला भीती वाटतेय. भावाची, गावाची. या वयात अंगणात कोणी यायचं बंद झालं तर कसं, याची. लाज वाटते सांगायला, पण आहे ते असं आहे." त्यांच्या तोंडून मी इतकं साधं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. नकार द्यायला चाललोय की होकार द्यायला, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटतं त्यांनाही नव्हतं.

निखिलचं घर धक्क्यापासून जवळच, चढावावर. पुढे जास्वंदीचं कुंपण, दारात सायकल. त्याच्या आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. वडील खुर्चीत बसून रेडिओ दुरुस्त करत होते. आम्ही कोण ते सांगितल्यावर दोघंही क्षणभर उभीच राहिली. मग बाई म्हणाल्या, "या. बसा. चहा टाकते." ना धावपळ, ना घरात कुजबुज. चहा आला. साडूभाऊंनी डबा उघडला आणि म्हणाले, "मी स्वतः केलीत. घ्या. आणि अगदी खरं सांगा."

निखिलच्या वडिलांनी एक घेतलं, दाताखाली धरलं आणि ते हळूच बशीच्या मागे ठेवून पुन्हा रेडिओकडे वळले. बाईंनी मात्र नीट खाल्लं. शेवटपर्यंत खाल्लं, वर घोटभर चहा घेतला आणि वहीवर शेरा द्यावा तशा शांतपणे म्हणाल्या, "राग मानू नका भाऊ, पण ओवा फार झालाय."

साडूभाऊंनी डब्यातलं एक बिस्किट उचलून त्यावर टिचकी मारली.

"मोहन कमी पडलंय," बाई पुढे म्हणाल्या. "तूप आणखी हवं, आणि ते पिठाला हाताने चोळून चोळून लावायला हवं. म्हणून ही अशी कडक झालीत. आणि मिरी अख्खी टाकलीत, ती भरडून घाला, दाताखाली येते."

"आणि मीठ?" साडूभाऊंनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मीठ बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, बाईंच्या देखत म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं खाताय. कधी बोलला नाहीत." मी चहाच्या कपात डोकं घातलं.

बाई हसल्या, पण मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. म्हणाल्या, "खरं सांगा म्हणालात म्हणून मीही एक विचारते. मुलगी गुणी आहे, आम्हाला आवडली आहे. पण तुम्ही आज आलात तसे उद्याही याल का? का लग्न लावून द्याल आणि मग मुलीला तेवढं माहेरी बोलवाल, आणि आमच्या मुलाने धक्क्यावरून परत फिरायचं? तसं असेल तर आत्ताच सांगा. मला माझा मुलगा कुठे अवघडून बसलेला बघवणार नाही."

निखिलच्या वडिलांनी रेडिओ खाली ठेवला. साडूभाऊंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "माझा भाऊ येणार नाही, बाई. ते मी तुम्हाला लपवून ठेवणार नाही. माझ्या गावातलेही काही यायचे नाहीत. पण मी येईन. मी इतक्या वेळा येईन की तुम्ही कंटाळाल. आणि निखिल माझ्या घरी येईल तो ओटीवर नाही, आत स्वयंपाकघरात येऊन बसेल. माझं सगळं आयुष्य हल्ली तिथेच चाललेलं असतं."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "मग पुढच्या वेळी ओवा कमी करून आणा," त्या म्हणाल्या.

परतताना बोट अर्ध्या खाडीत आली. साडूभाऊ एकदम म्हणाले, "ओवा खरंच जास्त होतो का हो?"

"होतो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

ते असे काही हसत सुटले की शाळेची मुलं वळून बघायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसत म्हणाले, "त्या घरात लोक तोंडावर बोलतात, धाकटे. माझी पोर तिथे नीट राहील." घरी पोचल्यावर चपलाही न काढता ते मानसीकडे गेले आणि म्हणाले, "तुझी सासू फार कडक आहे. चांगली आहे." मानसी आधी समजली नाही, आणि समजली तेव्हा तिने वडिलांना अशी मिठी मारली की त्यांच्या सदऱ्यावरचं पीठ तिच्या गालाला लागलं. त्यानंतर ते एकटेच वाडीच्या पलीकडच्या भागात जाऊन भावाला सांगून आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. परत आले आणि दिवेलागणीपर्यंत ओटीवर बसून राहिले. त्या दिवशी भट्टी पेटली नाही.

लग्न मुरुडला झालं, बौद्ध पद्धतीने, आटोपशीर. साडूभाऊंनी दिलेला शब्द इतका पाळला होता की लग्नाआधीच ते त्या घरात मुरले होते. दर शनिवारी डबा घेऊन बोटीत बसायचे, विहीणबाई एकेक बिस्किट तपासायच्या, आणि साडूभाऊ लाल शेरे घेऊन परत यायचे. त्या शेऱ्यांमुळे बिस्किटं खुसखुशीत झाली, ओवा चिमटीवर आला आणि लग्नात पेढ्याऐवजी बिस्किटांच्या पुड्या वाटल्या गेल्या, त्या लोकांनी मागून मागून घेतल्या. थोरले भाऊ आले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र आल्या, मागच्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर बसल्या, मानसीच्या हातात पाकीट न देता तिच्या गालावरून हात फिरवला आणि पहिल्या बोटीने परत गेल्या. साडूभाऊ त्यांना धक्क्यापर्यंत पोचवायला गेले होते. पाठवणीच्या वेळी ताई रडल्या, माझी बायको रडली, मीही थोडा रडलो. हे रडले नाहीत. निखिलच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा, उशीर करू नका."

आम्ही त्या रात्री ताईंकडेच राहिलो. सकाळी उठून स्वयंपाकघरात आलो तर साडूभाऊ ओट्याशी उभे, पीठ लाटून, गोल कापून ताटात मांडत होते. ताई दाराला टेकून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि ताटाकडे खूण केली. सगळी बिस्किटं लालसर, तिखट घातलेली. पण एका कोपऱ्यात थोडी पांढरी, वर तीळ लावलेली. मी ताईंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "मानसीला लहानपणापासून तिखट सोसत नाही. हे तिच्यासाठी म्हणून रोज तेवढी वेगळी करतात. पहिल्या दिवसापासून." इतकी वर्षं मी त्या घरात ती बिस्किटं खात होतो, पण तो कोपरा मला कधी दिसला नव्हता.

साडूभाऊंना आमची चाहूल लागली. त्यांनी ताटाकडे बघितलं आणि मानसी आता घरात नाही हे त्यांच्याही लक्षात आलं. क्षणभर हात थांबला. मग त्यांनी ताट तसंच भट्टीत सरकवलं आणि भट्टीसमोर स्टुलावर बसून राहिले. बिस्किटं झाल्यावर तिळाची तेवढी वेगळी काढली आणि गार व्हायला ठेवली.

"ती पुढच्या रविवारी यायची," ताई म्हणाल्या. "तोवर मऊ पडतील."

"पडू देत."

"मग देऊ का शेजारी?"

"नको," ते म्हणाले. "मी खाईन."

ताईंना हसू आलं. "तुम्ही? बिनतिखटाची?"

त्यांनी तिळाचं एक उचललं, तोंडात टाकलं आणि मागच्या दाराशी जाऊन, वाडीकडे तोंड करून, कितीतरी वेळ ते सावकाश चघळत उभे राहिले.